प्लेटपुढे बोलू नये

प्रयोगशाळेत सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. जंतूंच्या चाचण्या करता करता तिचे केस पिकले, पण हात चालू असताना तोंड बंद ठेवणं तिला कधी जमलं नाही. समोर कुणी नसलं तरी ती शिकवत राही.

"हे बघ, प्लेटवर जंतू पसरले. त्यांच्यावर औषधाची ही चकती ठेवली. आता प्लेट उबेच्या कपाटात. उद्या चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर औषध लागू पडलं. नाही दिसलं, तर गेलं पाण्यात."

हाताखालची तंत्रज्ञ मुलगी हसे. "बाई, तुम्ही जंतूंचीच शिकवणी घेताय. उद्या पेपर सोडवतील हो!"

त्या आठवड्यात आलेला नमुना तिच्या नातीचा होता. पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. झोक्यावरून पडली, गुडघा फुटला, आणि जखमेतून शिरलेला स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू हाडापर्यंत पोचला. वरच्या मजल्यावर, वॉर्डात, ती तापाने निपचित पडली होती. नेहमीच्या एकाही औषधाला तो जंतू दाद देत नव्हता.

वॉर्डाचा डॉक्टर एकेकाळी बाईच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "मॅडम, आता दोन औषधं जोडीनेच द्यावी लागतील. कोणती, ते तुम्ही सांगा. उशीर झाला तर पाय..."

बाई कामाला लागली. पहिली जोडी निवडली, दोन्ही चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या, सवयीप्रमाणे दोन्ही औषधांची नावं मोठ्याने सांगितली. सकाळी कपाटाचं दार उघडलं तेव्हा कोमट वास अंगावर आला, न वाळलेल्या कपड्यांसारखा कोंदट. प्लेटभर पिवळसर साय धरली होती, चकत्यांच्या कडेला भिडलेली.

दुसऱ्या जोडीचं तेच झालं. तिसऱ्या जोडीचंही.

पण तिसरी जोडी पलीकडच्या खोलीत तंत्रज्ञ मुलीनेही लावून पाहिली होती. तिच्या प्लेटवर मात्र सुरेख कडं उमटलं होतं.

बाईला वाटलं, चकत्या जुन्या असतील. नवं पाकीट फोडलं. फरक नाही. मग स्वतःच्या हाताचा संशय आला. तिने मुलीला शेजारी उभं करून सगळं पुन्हा केलं.

"हात तर अगदी बरोबर आहे, बाई," मुलगी म्हणाली. "फरक एकच. मी गप्प असते."

दोघी हसल्या. मुलगी आधी थांबली.

फरक दिसला की त्याला हसायचं नाही, तपासायचं, हे बाईने जन्मभर पोरांना शिकवलं होतं. तिने जंतूंच्या एकाच नळीतून दोन प्लेटा केल्या आणि दोन्हींवर तिसरीच जोडी ठेवली. एकीपुढे नावं सांगितली. दुसरी पलीकडच्या खोलीत नेऊन, ओठ मिटून, तशीच ठेवली.

सकाळी गप्प प्लेटवर लख्ख कडं होतं. बोललेल्या प्लेटवर जंतू चकतीवर चढले होते.

बाई खुर्चीत बसली. वर, नातीच्या गुडघ्यात, हाच जंतू होता.

तिसऱ्या जोडीची नावं बोलून झाली होती; तो धोका नको, म्हणून तिने एक नवी जोडी निवडली. तिची नावं उच्चारली नाहीत, पुटपुटलीही नाहीत. मुलीलाही नुसतं बोटाने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चकत्यांची कडी मिळून एक मोठं, नितळ वर्तुळ झालं होतं.

ती कागदावर दोन नावं लिहून वॉर्डात गेली. तिची लेक भिंगरीच्या उशाशी बसली होती. डॉक्टरने कागद उघडला.

"अच्छा! म्हणजे आपण आता..."

बाईने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आई! हे काय चाललंय तुझं?" लेक ओरडली.

बाईने फक्त मान हलवली. डॉक्टरने तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग कागद मनातच वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि निघून गेला.

औषधं सुरू झाली. ताप उतरला. जखम सुकत आली. डॉक्टर म्हणाला, पाय वाचला.

घरी जायच्या सकाळी लेक बिल भरायला खाली गेली होती. भिंगरी पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होती.

"आजी, तू किती नावं सांगितलीस गं!"

"कसली नावं, बाळ?"

भिंगरीने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. पहिली जोडी. दुसरी. तिसरी. एकही उच्चार चुकला नाही. ती प्रयोगशाळेत कधी आलीच नव्हती.

"शेवटची दोन तेवढी सांगितली नाहीस," ती म्हणाली. "आम्ही किती गप्प बसून ऐकत होतो."

बाईने ओठ घट्ट मिटले.

"सांग ना. हळूच, कानात."

भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले, तिला जवळ ओढलं. नातीचा श्वास गालाला लागला. कोमट, आणि न वाळलेल्या कपड्यांसारखा कोंदट.