आईच्या वाटीतलं बेसन

लाडू काही केल्या वळेना. शर्वाणीनं मूठ आवळली की आकार यायचा आणि मूठ उघडली की सगळं भुरभुरून परातीत.

२०६१ साल होतं. भुसावळच्या त्या घरात रोजचा स्वयंपाक बल्लव करायचा. बल्लव म्हणजे त्यांचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). लाडू मात्र आई स्वतः करायची, दर वर्षी बाबांच्या वाढदिवसाला. श्रावणात आई गेली. तेव्हापासून बाबा घरात असून नसल्यासारखे होते. दोन घास खाऊन उठायचे. आईचं नाव तर त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. आज त्यांचा वाढदिवस, म्हणून अकरा वर्षांच्या शर्वाणीनं आईची वही काढली होती.

"चार वाट्या बेसन, सव्वा वाटी तूप, दोन वाट्या पिठीसाखर," तिनं पुन्हा वाचलं. "बल्लव, तू नीट घेतलंस ना?"

"एक वाटी म्हणजे दोनशे मिलिलिटर, म्हणजे दोनशे ग्रॅम," बल्लव म्हणाला. "बेसन आठशे, तूप अडीचशे, साखर चारशे."

शर्वाणीचे डोळे भरून आले. "मला आईसारखं काहीच जमत नाही, आबा."

आबा म्हणजे आईचे वडील, मातीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. लेकीच्या अक्षराकडे ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, बाळ. आईची वाटी आण बरं."

त्यांनी रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. काठोकाठ पाणी ओतलं. दोनशे ग्रॅम. मग वाटी पुसून तिच्यात अलगद बेसन भरलं.

"शंभरच?" शर्वाणी चकित झाली. "वाटी तर तेवढीच भरलीय!"

"वाटी मोजते घनफळ (वस्तूनं व्यापलेली जागा). काटा मोजतो वजन. बेसनाच्या कणांमध्ये हवा असते, म्हणून तेवढ्याच जागेत ते हलकं भरतं. ठरावीक जागेत किती वजन मावतं, ती त्या पदार्थाची घनता. बल्लवनं सगळ्यांना पाण्याचीच घनता लावली."

"तूप?"

"घाल पातळ करून."

काटा म्हणाला, एकशे ऐंशी.

शर्वाणी विचार करत म्हणाली, "म्हणजे तूप थोडंच जास्त पडलं, पण बेसन दुप्पट! म्हणून कोरडं झालं."

पिठीसाखर भरली एकशे दहा. पण पुन्हा बेसन भरताना वाटी ओट्यावर आदळली, पीठ खाली बसलं. वर आणखी घातलं, तर काटा एकशे वीसवर गेला.

"आबा, आई कशी भरायची? अलगद, की दाबून?"

"मला नाही गं माहीत," आबा हळूच म्हणाले. "ती लाडू करायची तेव्हा मी प्रयोगशाळेत असायचो. कधी बघितलंच नाही."

"दोनदा आपटायची."

दारात बाबा उभे होते. पुढे येऊन त्यांनी वाटी भरली, ओट्यावर दोनदा आपटली, वर चिमूटभर बेसन घातलं आणि सुरीच्या पाठीनं सपाट केली.

"एकशे बारा ग्रॅम," बल्लव म्हणाला.

त्या मापानं बेसन पुन्हा भाजलं, आणि या वेळी मुठीतला लाडू मुठीत राहिला. बाबांनी पहिला घास घेतला. "भाजायला जरा कमी पडलं. मंजिरी आणखी थांबायची," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून रडू लागले. शर्वाणी त्यांना बिलगली. आबांनी चष्मा काढून ठेवला. कुणीच कुणाला गप्प केलं नाही.

पुष्कळ वेळानं शर्वाणीनं आईच्या अक्षराशेजारी लिहिलं : एक वाटी बेसन = ११२ ग्रॅम.

"पुढच्या पानावर काय आहे?" बाबांनी विचारलं.

"शंकरपाळ्या. मैद्यापुढे लिहिलंय, मावेल तेवढा."

"ते शोधायला बरेच दिवस लागतील," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वही आपल्याकडे ओढली.