फोटोपुढची बत्ती

बहिणीचा फोन आला तेव्हा संघदीप सियागंजातल्या एका दुकानात वायरचं टोक नखाने खरवडत उभा होता. दुकानदार तांब्याची आहे म्हणाला होता, म्हणून तर खरवडायचं. दुधाने तोंड पोळलं नसतानाही हा माणूस ताक फुंकून प्यायचा. इंदूरभरच्या जुन्या ट्रकांची वायरिंग दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि कुठल्या ना कुठल्या आधीच्या मिस्त्रीने टेपखाली काय लपवून ठेवलंय ते शोधणं हाच तो धंदा. असल्या धंद्यात भोळा माणूस टिकत नाही.

धम्मदीनाताई म्हणाली, धनेश आजपासून ट्रक रस्त्यावर काढतोय. त्याआधी तू एकदा वायरिंग बघ. मी पण येते.

ट्रक तिच्या नवऱ्याचा, नथूदाजींचा. धनेश त्यांचा भागीदार. मागल्या वर्षी मानपूरच्या घाटात चालत्या ट्रकचे सगळे दिवे एकाएकी गेले, वळणावर गाडी डोंगराला घासली, दार उघडलं आणि दाजी दरीत फेकले गेले. ट्रकचा फक्त मडगार्ड चेपला. तेव्हापासून तो देवास नाक्याजवळ, धनेशच्या आवारात उभा होता.

भर दुपारी संघदीपने बॉनेट उघडलं. ताई केबिनमध्ये जाऊन बसली. समोर काचेच्या वर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यापुढे एक इवलासा बल्ब. त्या बल्बकडे बघत ती वर्षभर न बोललेलं बोलली.

"खरं सांग संघदीप. माझ्यामुळे मेले का रे ते?"

तिला काय म्हणायचंय हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. तो बल्ब नुसता शोभेचा नव्हता. आल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र, नीट काम करतंय की नाही हे सांगणारी ती बत्ती. मीटरमधलं तिचं घर तुटलं, तेव्हा दाजींनी वायर लांबवून ती फोटोपुढे आणून लावली. चावी फिरवली की लागायची आणि गाडी सुरू होऊन करंट बनू लागला की विझायची. ताईला ते खपत नसे. गाडी निघते अन् बाबासाहेबांपुढची बत्ती विझते, हे काही बरं लक्षण नाही, ती सतत लागलेली राहील असं काहीतरी करा, असा तिने चारचौघांत धोशा लावला होता. अपघातानंतर लोक म्हणाले, बायकोच्या हट्टापायी नथूने वायर छेडली, म्हणून बॅटरी भरली नाही आणि घाटात दिवे गेले. हे ऐकत ऐकत ती वर्षभर जगली होती.

"आधी बघू दे," म्हणत तो बॉनेटखाली वाकला.

आल्टरनेटरमधून निघणारी जाड वायर बॅटरीकडे जाते, ती शाबूत होती. बारीक वायर बत्तीकडून येते आणि आल्टरनेटरला जागं करते. तिच्यावर हात फिरवताना मध्येच काळ्या टेपचा गोळा लागला. त्याने टेप सोडली. वायर पकडीने सरळ कापलेली होती आणि दोन्ही टोकं वेगवेगळी गुंडाळून ठेवलेली. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तो केबिनच्या पायरीवर चढला. "ताई, दाजींचं काम नाही हे. बत्ती सतत जळत ठेवायची असती, तर त्यांनी तिचं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलं असतं. हे नुसतंच कापलंय. असं कापलं की बत्ती लागतच नाही. अन् दुसरं, इथे धागा नाही."

धागा म्हणजे विहारात रक्षणासाठीच्या परित्राण पाठानंतर भंतेजी मनगटाला बांधतात तो पांढरा. दाजी तो जपून ठेवत आणि गाडीतल्या प्रत्येक जोडावर, टेपच्या आत, त्याचा एक वेढा देत. संघदीप त्यांना यावरून चिडवायचा. आता त्याने शेजारचे जोड एकेक सोडून दाखवले. सगळ्यांत काळपट झालेला धागा निघाला, फक्त या कापलेल्या जागी नाही. ताई पदर तोंडाला लावून रडली. पण ते वर्षभराचं ओझं उतरल्याचं रडणं होतं, आणि भावाला ते बघून बरं वाटलं.

तेवढ्यात धनेश चहा घेऊन आला. "क्या भिया, हो जाएगी ना? शामला सेंधव्याचा माल भरायचाय."

"होईल. त्या दिवशी दाजींनी चावी फिरवली तेव्हा बत्ती लागली होती का?"

"मला काय माहीत... मी तर गाडी स्टार्ट करूनच दिली होती त्यांना. इंजन गरम करून."

हे म्हणताना तो संघदीपकडे नाही, फोटोकडे बघत होता. इंजिन आधीच चालू असलं तर विझलेली बत्ती म्हणजे सगळं ठीक, असंच कुठलाही ड्रायव्हर समजणार. संघदीपने चहा घेतला, पण प्यायला नाही.

धनेश बॅटरी आणायला गेला. संघदीपने नव्या वायरचा तुकडा घालून जोड दिला आणि वरून टेप मारली. धागा त्याच्याकडे नव्हता. टेप मारताना त्याचा हात आल्टरनेटरला टेकला आणि त्याने झटकन मागे घेतला.

आल्टरनेटर तापलेला होता.

बॅटरीचं खोकं रिकामं होतं. आल्टरनेटर फिरवणारा पट्टा जागच्या जागी होता, त्यावर वर्षभराची धूळ तशीच. तरी तापलेल्या तारेचा तो ओळखीचा वास येत होता, आणि कान जवळ नेला तर आतून एक बारीक गुणगुण... लांब घाट चढताना येते तशी. उन्हाने तापला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. ट्रक पिंपळाच्या सावलीत उभा होता.

बॅटरी आल्यावर चावी फिरवली, बत्ती लागली. इंजिन सुरू झालं, बत्ती विझली. काम चोख होतं. धनेशला अडवायला त्याच्याकडे संशयाशिवाय काहीच नव्हतं, आणि संशयावर कुणी गाडी थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक दोरीने ओढत परत आला. घाटातल्या त्याच वळणावर तो उभा सापडला होता. हँडब्रेक लावलेला, माल जसाच्या तसा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं, आत धनेशच्या चपला. धनेश नव्हता. लोक दरीत शोधत होते.

माझा जोड सुटला का, या एकाच भीतीने संघदीपने आल्याबरोबर बॅटरीच्या तारा काढल्या आणि बॉनेटखाली वाकला. टेपचा गोळा होता, पण गुंडाळण्याची तऱ्हा त्याची नव्हती. त्याने सावकाश टेप सोडली. नवी वायर पकडीने सरळ कापलेली होती, दोन्ही टोकं वेगवेगळी गुंडाळलेली. आणि दोन्ही टोकांवर, टेपच्या आत, धाग्याचा एकेक वेढा. पांढरा शुभ्र. तेलाचा एक डागही नाही.

त्याने धागा मुठीत दडवला. धागा नाही म्हणजे हे दाजींचं काम नाही, असं कालच तर त्याने बहिणीला पटवलं होतं. आता हा धागा तिला दाखवायचा कसा?

"काय निघालं रे?" केबिनमधून ताईने विचारलं. ती कधी वर चढून बसली, त्याला कळलंही नव्हतं.

"काही नाही, ताई... खाली उतर तू."

ती उतरली नाही. तिचा आवाज शांत होता, वर्षभरात पहिल्यांदाच इतका.

"बघ ना संघदीप," ती म्हणाली, "आता नाही विझत."

त्याने मान वर केली. बॅटरीच्या तारा सुट्या लोंबत होत्या, आणि फोटोपुढची बत्ती जळत होती.