तीन हजारांचा वेग

ऑरिन हॉगेनला दुकानातल्या काडतुसांची शिसारी. त्याच्या बायकोला, मार्लिसला, दुकानातल्या ॲपल पायची आहे तशी. अमेरिकेत, मोंटानात आमच्या गावी निम्मे लोक रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात, पण त्याची मिजास करावी ती ऑरिननंच.

शिकारीचा हंगाम तोंडावर होता. शनिवारी सकाळी आम्ही नेमबाजी क्लबच्या मैदानावर निघालो, तेव्हा मार्लिस माझ्या गाडीच्या खिडकीशी आली. "त्याला अक्कल शिकवायला जाऊ नकोस. दोन्ही डोळ्यांनिशी परत आण, बास."

शेडमध्ये गर्दी होती. ऑरिनच्या रायफलीच्या नळीपुढे गोळीचा वेगमापक मांडला. नियम सगळ्यांना पाठ: काडतुसातली दारू चिमटीचिमटीनं वाढवायची आणि भरणीच्या पुस्तकात दिलेला वेग आला की हात आखडायचा. ऑरिनला सेकंदाला तीन हजार फूट हवे होते.

पहिला बार थोडा कमी पडला. त्यानं जास्त दारूचं काडतूस घेतलं. वेग घटला.

ढगांमुळे यंत्र चुकतंय, तो म्हणाला. चुकतं कधी कधी. म्हणून मी माझ्या रायफलीनं मारून पाहिलं; आकडा चोख. पुन्हा त्याचा बार, पुन्हा घट. दारू वाढेल तसा वेग उतरत होता, आणि वेग उतरेल तसा त्याचा हात आणखी दारू ठासलेल्या काडतुसांच्या पुढच्या डबीकडे जात होता.

पुंगळ्या मात्र वेगळंच सांगत होत्या. बुडाची टिकली पार चपटी. रायफलीचा बोल्ट तळहातानं ठोकल्याशिवाय उघडेना. आतला दाब एवढा, की पुढच्या एखाद्या बाराला रायफलच तोंडावर फुटायची.

"ऑरिन, पितळ खोटं बोलत नाही. उरलेली काडतुसं घरी नेऊन मोडू."

"मार्लिसनं पगारावर ठेवलाय का रे तुला?" म्हणाला, पण ऐकलं. रायफल रिकामी करून टेबलावर आडवी ठेवली.

मैदान बंदची हाक झाली. आता कुणी बंदुकीला शिवायचं नाही. आम्ही यंत्र आणायला पुढे गेलो.

पडद्यावर आकडा उमटला. तीन हजार.

बार कुणीच काढला नव्हता.

मी बॅटरी उपसली. आकडा तसाच.

ऑरिन नातवंडाचं तोंड पाहावं तसा बघत राहिला. "आला बघ," तो हळूच म्हणाला. "आता नुसती गोळी मारायची राहिली."

तो टेबलाकडे चालू लागला. मी बाही धरली. झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेतानं त्यानं ती सोडवली, आणि शेवटच्या डबीतलं काडतूस उचललं.

त्याला आवरायला मी लोकांना हाक मारली.

शेड रिकामी होती. सगळे बाहेर, भिंतीआड, ओळीनं उभे होते. मैदान अजून बंदच होतं, तरी प्रत्येकाचे हात कानांवर होते.