दुसरा गिअर

चौकातला दिवा हिरवा झाला, गाडी चार हात पुढे सरकली आणि दुसरा गिअर काही केल्या पडेना. गिअरचा दांडा तिच्या हातात नुसता गोल गोल फिरत होता, पातेल्यातल्या डावासारखा. मागे हॉर्नचा गोंधळ.

"घाबरू नका. क्लच दाबून धरा, मी ढकलतो." खिडकीशी एक चेहरा आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे... असो. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक होता तो.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "थोडा माझ्याकडे ओढ, पोरी... आणि मग खाली."

खट्! गिअर पडला. तिचे डोळे भरून आले. मेकॅनिकला वाटलं, बाई हॉर्नला घाबरली.

त्याला काय माहीत! बाबांनी तीस वर्षं एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली होती. विसरण्याचा आजार जडल्यापासून ते पोटच्या मुलीला 'मॅडम' म्हणत. "मॅडम, पाणी मिळेल का?" असं अदबीनं विचारत. ती पाणी देई आणि मोरीत जाऊन रडून घेई. ही जुनी गाडी मात्र त्यांची स्वतःची. हिच्यावरच त्यांनी तिला शिकवलं होतं. त्या ढिल्या दांड्यावर त्यांचा हात पडला, की तेवढ्यापुरती ती पुन्हा 'पोरी' होई.

पण भर चौकात गाडी अडकून पडणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून ती गॅरेजात गेली. दांडा बुडाशी घट्ट धरणारं प्लास्टिकचं कडं, म्हणजे बुश, पार झिजलं होतं. मेकॅनिकनं अर्ध्या तासात नवीन बसवलं.

"गाडी इतकी ढिली, आणि मालकीण इतकी कडक?"

कितीतरी दिवसांनी ती हसली.

जुनं बुश त्यानं कागदात गुंडाळलं, वर तारीख घातली आणि पुडी तिच्या हातात ठेवली. "आमच्याकडे रीत आहे. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा."

"मी भंगारात टाकणार."

"टाका की... पण मग परत यायला दुसरं काहीतरी निमित्त शोधा."

त्या संध्याकाळी बाबा गाडीत बसले. दांडा आपल्याकडे ओढून खाली दाबू लागले. नव्या बुशमुळे तो ताठ उभा. पुन्हा ओढला. मग हात मांडीवर घेऊन बसले.

"मॅडम, ही गाडी माझी नाही. मला घरी सोडा."

गाडी त्यांच्याच घरासमोर उभी होती.

आठ दिवस 'पोरी' नाही. नवव्या दिवशी तिनं पुडी मेकॅनिकसमोर ठेवली. "हे परत बसवा."

"हे? झिजलेलं?"

तिनं सगळं सांगितलं. तो पाना घेऊन गाडीखाली शिरला.

"आयुष्यात पहिल्यांदा काम बिघडवतोय," खालून आवाज आला. "पण अगदी मन लावून बिघडवतोय हं!"

त्या खेपेला तिला तो आवडला. काय करणार, आवडला!

मग रविवारी तो यायचा, मागच्या सीटवर बसायचा. बाबा मान वळवून विचारायचे, "कुठं सोडू, साहेब?"

"मॅडम नेतील तिकडे," तो म्हणायचा... आणि ती आरशात बघायचं टाळायची.

जुनं बुश परत बसल्यावर बाबांनी तिला तीनदा 'पोरी' म्हटलं. तीनदाच. एका रात्री ती त्यांना पांघरूण घालत होती, तेव्हा म्हणाले, "मॅडम, उद्या सुट्टी मिळेल का?"

"घ्या ना."

सकाळी ते उठले नाहीत.

महिनाभरानं ती गॅरेजात आली, वाळलेली, डोळे खोल गेलेले. "आता नवीन बसवा. मला रोज कामावर जायचं असतं."

त्यानं बसवलं. "चालवून बघा," म्हणाला आणि शेजारी, बाबांच्या जागी बसला.

पहिला गिअर पडला. दुसऱ्याला तिचा हात आपसूक जुन्या सवयीनं बाजूला ओढला गेला. ओढायला आता काही उरलं नव्हतं. दांडा जिथल्या तिथं अडकला, हात निसटला आणि बोटं त्याच्या गुडघ्यावर आपटली. हात तिथंच राहिला. गाडी रस्त्याच्या कडेनं रांगत होती.

"मला तू आवडतोस," ती समोर बघत म्हणाली. "पण आज... आज मला फक्त रडायचंय. पोरी म्हणणारं कुणी राहिलं नाही रे मला."

त्यानं तिचा हात अलगद उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

"रड," तो म्हणाला. "तू नुसता क्लच दाब. गिअर मी टाकतो."

तिनं क्लच दाबला.