न फेकवलेला कॅमेरा

“हा कॅमेरा ज्या गाढवानं बनवलाय ना, तो एकदा माझ्या तावडीत सापडू दे!”

लिफ्टमध्ये शिरता शिरता ती गरजली. छातीची सर्जन ती, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फासळ्यांमधल्या बोटभर छिद्रातून आत घालायचा, एकदा वापरून फेकायचा तो स्वस्तातला कॅमेरा तिच्या मुठीत होता. ऐकायला लिफ्टमध्ये एकच उंच, अनोळखी माणूस.

“काय... काय केलं त्यानं?”

“वायर काठीसारखी ताठ! मी डावीकडे वळवते, हा आपला भलतीकडेच बघतो!”

“मग सापडला की,” तो म्हणाला. “गाढव मीच.”

दुसरी कोणी असती तर लाजेनं चूर झाली असती. हिनं लिफ्ट थांबेपर्यंत त्याला झापलं. आणि तो मेला ऐकत होता — मन लावून, डोळे तिच्यावरून न हलवता.

पुढच्या वेळी आलेल्या कॅमेऱ्याची वायर मऊ होती. मग प्रत्येक ऑपरेशनला तो थिएटरच्या भिंतीशी उभा राहू लागला. मास्कवर नुसते दोन डोळे.

“चित्र बरं दिसतंय?”

“चित्र बरंय. तुम्ही मधे मधे येताय.”

“मग उद्या येत नाही...”

“असं म्हटलं का मी?”

सिस्टर मास्कच्या आत हसायच्या. एकदा तो खरंच आला नाही, तर त्या दिवशी अख्ख्या थिएटरनं तिच्या शिव्या खाल्ल्या.

आणि मग तो बसड्रायव्हर आला. छातीत पू साचलेला. “तीन छोटी छिद्रं, मोठी चीर नाही,” असा शब्द तिनं त्याच्या बायकोला दिला होता. ऑपरेशन अर्ध्यावर असताना कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा पांढराफटक पडला. आतलं काही म्हणजे काही दिसेना. दुसरा कॅमेरा उघडेपर्यंत रक्त वाहायला लागलं, आणि शेवटी छाती उघडावीच लागली. माणूस वाचला. पण चीर काखेपासून पाठीपर्यंत गेली.

बाहेर येताच ती कॅमेरा बनवणाऱ्यावर तुटून पडली. त्यानं कॅमेऱ्याचं टोक खिडकीशी धरलं. काचेमागचा गोंद धुरकट झाला होता.

“हा जंतू मारायच्या वाफेच्या मशीनमधून काढलाय,” त्याचा आवाज चढला. पहिल्यांदाच. “दुसऱ्यांदा वापरलात तुम्ही! फेकायचा म्हणजे फेकायचा! वाफ आतपर्यंत पोचत नाही त्याच्या. जंतू राहिले असतील तर?”

सिस्टरांचा चेहरा उतरला. “बाई, पहिल्या चांगल्या ऑपरेशनचा तो कॅमेरा तुम्हीच बाजूला काढून ठेवलात. हा टाकू नका म्हणालात. मला वाटलं, पुन्हा वापरायचाय... मी धुऊन पॅक केला. आपण इथे काही टाकतो का कधी?”

तिनं तो कॅमेरा त्याच्या हातातून ओढून घेतला.

तेवढ्यात विभागाचे मोठे डॉक्टर आले. “कॅमेऱ्यात खोट असेल तर उद्यापासून बंद. पुन्हा सगळ्यांना मोठी चीर. बोला, चूक कोणाची?”

“माझी,” तो म्हणाला. “गोंद कच्चा होता.”

“खोटं बोलतोय हा!” ती कडाडली. “कॅमेरा चांगला होता, सर. एकदा वापरलेला मी ठेवून घेतला. चूक माझी.”

“कॅमेरे चालू राहतील,” मोठे डॉक्टर म्हणाले. “तुम्ही मात्र मी सांगेपर्यंत ऑपरेशनला उभं राहायचं नाही.”

जिन्यात तिनं त्याला गाठलं. “कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? माझ्या पेशंटच्या छातीवरून खोटं बोलता? लाज नाही वाटत?”

“वाटते! पण तुमचं काम सुटलेलं बघवलं नसतं मला. आणि तुम्ही? इतक्या हुशार बाई... का नाही फेकलात तो?”

“कारण तो तुम्ही बनवला होता!”

जिनाभर आवाज घुमला. खालून येणारा वॉर्डबॉय जागीच थांबला आणि मुकाट्यानं परत फिरला.

“नाही फेकवला,” ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी, आणि संताप तसाच. “प्रेमात पडले, आणि त्या माणसाची छाती चिरली गेली. चीड येतेय मला. तुमची, माझी, सगळ्याची!”

तो एक पायरी वर आला. “माझीही तीच गत आहे... लिफ्टपासून. पण आत्ता नको बोलूया ते.”

“नकोच. आधी त्या ड्रायव्हरच्या बायकोला खरं सांगायचंय.”

“ती खूप बोलेल.”

“बोलू दे. हक्क आहे तिचा.” तिनं त्याचा हात धरला — रागातच, पण घट्ट. “तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. एक शब्द बोलायचा नाही.”

वॉर्डच्या दारात एका बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. दोघांना येताना पाहून ती उठून उभी राहिली. सर्जनबाईनं त्याचा हात सोडला, आणि एकटीच पुढे झाली.