ट्रायल शूटिंग

डिस्क चालत नाही म्हणून फोन आला की बहुतेक वेळा दोष डिस्कचाच असतो आणि शिव्या कॉम्प्युटर खातो. कोल्हापुरात इतकी वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवून मला एवढं शहाणपण नक्की आलं आहे. त्यामुळे टिंबर मार्केटमागे राहणाऱ्या गंगव्वा नावाच्या म्हातारीनं बोलावलं, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हरच्या आधी मऊ सुती फडकं पिशवीत टाकलं.

सकाळची वेळ. दोन खोल्यांचं घर, खिडकीतून लाकूड कापणाऱ्या यंत्राचा आवाज आणि ओल्या भुशाचा वास. गंगव्वा एकटीच राहायची. तिचा मुलगा मल्लेश लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. तीन वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात अपघातात गेला. कॉम्प्युटर त्याचाच होता.

"लग्नाच्या सीड्या ढीगभर हायत, तम्मा," ती कानडी वळणानं म्हणाली. "पर त्यात समदी गाणी घातल्यात. मल्लेशचा आवाज कुठंच न्हाय. ह्या एकीतच हाय. नवा कॅमेरा आणला तवा माझंच ट्रायल शूटिंग केलतं त्यानं. आता चालंना झालीय. आन् मी त्याचा आवाज इसरालोय बघ."

शेवटचं वाक्य ती अगदी हळू, चोरी कबूल केल्यासारखं बोलली. मला गलबलून आलं.

मी आधी लग्नाची एक डिस्क घालून पाहिली. बिनतक्रार चालली. म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. मग तिची डिस्क उलटी केली आणि कपाळावर हात मारला. चकचकीत बाजूवर तीन बोटांनी ओढलेले विभूतीचे आडवे पट्टे होते.

"खंडेनवमीला पूजा केलती की," गंगव्वा म्हणाली. "त्याचा कॅमेरा, कॉम्प्युटर, समद्याला इभूत लावली. ही बाजू चकाकती, म्हणून हेच तोंड म्हटलं."

"अहो आजी, मशीन ह्याच बाजूनं वाचतं. तुम्ही तर त्याचे डोळेच बंद केलेत!" मी हसत म्हणालो. ती हसली नाही.

मधून कडेकडे अलगद पुसत मी डिस्क स्वच्छ केली आणि आत सरकवली. पडद्यावर गंगव्वा भाकरी थापत होती. कॅमेऱ्यामागून आधी एक नाकातलं हसू ऐकू आलं, मग आवाज. "अव्वा, इकडं बघ की." पडद्यावरची गंगव्वा वळायला लागली, चित्राचे चौकोन झाले आणि सगळं तिथंच अडकलं.

शेजारी बसलेल्या गंगव्वानं पदर तोंडाला लावला होता. "त्योच," ती म्हणाली. "हसल्याबिगर बोलायचाच न्हाय."

डिस्क बाहेर काढली. तिच्यावर पुन्हा तीन पट्टे होते. पुसण्यात माझीच कसर राहिली असणार म्हणून मी स्वतःवर चिडलो. पण बोट लावलं तर पट्टे ओले लागले. फडक्याची दुसरी बाजू घेऊन मी ते जोर लावून पुसले.

या खेपेला चित्र पुढे सरकलं. गंगव्वा वळली, लाजून हसली. पुन्हा ते नाकातलं हसू.

"अव्वा, पावण्याला च्या दे की."

"त्या दिवशी कोण पाहुणा आला होता?" मी विचारलं.

"कोण न्हाय. आमी दोघंच होतो." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बस तू. च्या ठेवतो."

 मी घाईनं डिस्क काढून घेतली. पडदा काळा झाला.

डिस्क माझ्या हातात होती.

"साखर कमी घाल, अव्वा," स्पीकरमधून आवाज आला.

"कमीच घातलीय," आतून गंगव्वा म्हणाली.

मेमरीत राहिलेला एखादा तुकडा असेल, असं मी स्वतःला बजावलं. स्पीकरची वायर उपटली आणि "दुकानात नेऊन कॉपी करून आणतो" म्हणत चहा न घेताच निघालो. एवढा मी शूर.

"संभाळून ने, तम्मा," गंगव्वा दारात येऊन म्हणाली. "तेवढाच हाय."

दुकानातल्या प्रत्येक मशीनवर डिस्क घालून पाहिली. सगळ्यांनी एकच सांगितलं, डिस्क कोरी आहे. खराब नव्हे, कोरी. भरलेल्या डिस्कवर एक गडद कडं दिसतं. सकाळी पुसताना मी ते पाहिलं होतं. आता नव्हतं.

 त्या म्हातारीचा उरलासुरला मुलगा माझ्या हातून पुसला गेला होता. कुठल्या तोंडानं सांगायचं? पण तिला आशेवर ठेवणंही बरं नव्हतं. संध्याकाळी मन घट्ट करून फोन लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी उचलला.

आधी नाकातलं हसू ऐकू आलं.

"बोला पावणं."

माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, "ती डिस्क..."

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आता तिची गरज न्हाय."

मागे कपबश्या वाजल्या. गंगव्वानं विचारलं, "कोण हाय रं?"

"सकाळचंच पावणं, अव्वा. च्या न पिता गेल्यालं."