एका वेळी एकानेच बोलायचं

बाबांचा जुना संगणक तिने कसाबसा सुरू केला, तेव्हा घड्याळात चार वाजत होते. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. ती वाचत होती तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली – ‘कॉल येत आहे. घ्यायचा?’

तिने एन्टर दाबलं.

“काका, होतात कुठं दीड महिना?” खणखणीत आवाज खोलीभर झाला. “रोज चारला हाका मारतोय मी.”

“कोण बोलतंय?” तिने विचारलं. पलीकडे शांतता.

“स्पेस दाबून धरा, काका. पुन्हा विसरलात ना?”

तिने दाबून धरलं. “मी त्यांची मुलगी. बाबा... गेले. त्यालाच दीड महिना झाला.”

तोच आवाज आला, पण निम्मा. “मला कुणी कळवलं नाही.”

“तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं.”

तो दुसऱ्या शहरात कानाची यंत्रं जुळवून द्यायचा. बाबांचं यंत्रही त्याचंच. बाबांना समोरच्याचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे ते त्याचं बोलणं चालू असतानाच बोलायचे. म्हणून त्याने हा साधा प्रोग्राम लिहिला होता. एक आज्ञा टाइप केली की कॉल लागायचा. स्पेस दाबली की बोलायचं, सोडली की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबली तर कुणालाच काही ऐकू जायचं नाही. आणि यंत्र नीट जुळवता यावं म्हणून बाबांचं रोजचं बोलणं संगणकात साठून राहायचं.

“म्हणजे बाबांचा आवाज... यात आहे?”

“दोनशे दिवसांचा. एकेक दिवस वेगळ्या फाइलीत.”

ती पुस्तकांची हस्तलिखितं संपादित करायची. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाचायची. आता ती पडद्याजवळ सरकली.

भाड्याचं घर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. संगणक भंगारात जाणार, हे दादाने ठरवून टाकलं होतं. तोवर फाइली उतरवून घ्यायला हव्यात. “मी सांगेन तसं करा,” पलीकडून तो म्हणाला. “रोज चारला. थोडं थोडं.”

तर असं सुरू झालं. रोज सात-आठ फाइली, एक आज्ञा. आज्ञा मिनिटभरात संपायची, बोलणं तासभर चालायचं.

“एवढ्या मोठ्यानं बोलू नका हो, मला ऐकू येतं.”

“सवय. आई म्हणते, मी चहा मागितला तरी शेजारी दचकतात.”

“बरं, सांगा आज्ञा.”

“लागलीच? आज दिवसभरात काय वाचलंत ते तरी सांगा.”

“एका लेखकाने नायिकेला तीन पानांत सात वेळा उसासे टाकायला लावलेत. मी चार कापले.”

“उरलेले तीन?”

“...तिला लागतील.”

 खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढायचं. कधी तो स्पेस दाबायचा आणि नुसता श्वास ऐकू यायचा. ती तो पुढं वाकून ऐकायची, मग स्वतःवरच रागवायची.

पाचव्या दिवशी तिला बाबांची वही सापडली. त्यात बाबांच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती – सगळ्या फाइली एकदम उतरवायची आज्ञा. तिने ती टाइप केली. दहा मिनिटांत दोनशेही दिवस तिच्या छोट्याशा पेनड्राइव्हमध्ये आले. काम संपलं. वही मिटून ती बसून राहिली.

चारला त्याने त्या दिवसाची आज्ञा सांगितली. तिने निमूट टाइप केली. ‘या फाइली आधीच आहेत. पुन्हा लिहायच्या?’ संगणकाने विचारलं. तिने ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

फोन नंबर मागता आला असता. पण नंबर मागायचा म्हणजे कामाशिवाय बोलायचंय, हे कबूल करायचं. आणि तो यातलं काहीच मनात न आणता नुसता काकांच्या मुलीला मदत करत असेल तर?

महिना संपला. दादा खोकं घेऊन आला. “अजून हा लावूनच ठेवलायस? त्या कानवाल्याला म्हणावं, पुरे आता.”

“पाच मिनिटं, दादा.”

“मगापासून पाचच चाललीत तुझी,” म्हणत तो पुस्तकं बांधायला गेला.

पडद्यावर कॉल आला. “आज शेवटचा दिवस ना?” तो म्हणाला.

तिने स्पेस दाबली. डोळे मिटले. आणि सगळं सांगून टाकलं – वही, ती आज्ञा, तीन आठवड्यांचं खोटं, चार वाजायच्या आधी आरशात बघून येणं, पलीकडून कुणी बघणारच नसताना. बोट उचललं तेव्हा तिचे कान तापले होते.

तिने डोळे उघडले. मग – “तुम्ही आता स्पेस दाबली होती का?”

“...हो.”

“मीही.”

दोघांचंही वाया गेलं होतं. न ऐकलेलं बोलणं सोपं होतं. आता मात्र ते ऐकलं जाणार होतं.

“काय म्हणालात?” तिने विचारलं.

“फाइली एका आज्ञेत उतरतात.” त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच तो हळू बोलत होता. “पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. नाही सांगितली. पुरवून पुरवून वापरत होतो तुम्हाला... म्हणजे, तुमचा वेळ. तुम्ही काय म्हणत होतात?”

आतून दादाचं दोरी ओढणं ऐकू येत होतं. तिने स्पेस दाबली. 

“उद्या चारला माझं तुमच्याकडे काहीही काम नसेल,” ती म्हणाली. “तरी मला तुमच्याशी बोलायचंय. परवाही. नंबर लिहून घ्या.”

पडद्यावर ‘समोरून बोलणे चालू’ अशी ओळ आली. शब्द मात्र येईनात. कागद चाचपल्याचा आवाज, काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज.

“पेन सापडेना,” अखेर तो म्हणाला. “तुम्ही सांगा. मी पाठ करतो.”

तिने एकेक आकडा सांगितला. तोही एकेक म्हणत गेला, इतक्या मोठ्यानं की दादा हातात दोरी घेऊन दारात येऊन उभा राहिला.